बिनशिवणीचा कायटन

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी कपडे घालत. हसू नका. तुम्ही नाही का घालत?

कपडे शिवायचा निवृत्ती नावाचा शिंपी पक्षी. हत्तीच्या विजारीपासून सशाच्या बंडीपर्यंत सगळं त्याच्याच चोचीखालून जाई. त्यावर तो, बायको गोदा आणि तीन पिल्लं पोटभर जेवत.

एका हिवाळ्यात करकोचा परदेशातून आला. दरवर्षीच यायचा, पण या वेळी अंगाला लांबरुंद कापड गुंडाळून आला. दोन्ही खांद्यांवर एकेक काटा टोचलेला, बस्स.

"याला कायटन म्हणतात," तो मान वाकडी करून म्हणाला. "ग्रीकांचा प्राचीन पोशाख. शिवण नाही, माप नाही, शिंपी तर नाहीच नाही!"

जंगल वेडं झालं. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं की कायटन नसेल त्याला दरबारात प्रवेश नाही. साळिंदराची चंगळ झाली. तो अंगचेच काटे उपटून देई आणि वर उपकार केल्यासारखा बघे.

निवृत्तीकडे मात्र कुणी फिरकेना. पिल्लं उपाशी चोची वासून बसत. त्यांच्याकडे बघून बिचाऱ्याचा जीव तुटे.

"अहो, जा त्या करकोच्याकडे," गोदा कावली. "आग त्यानं लावलीय, काय करायचं तेही त्यालाच विचारा!"

निवृत्ती निघाला. वाटेत रानडुक्कर कापडात पाय अडकून तोंडावर आपटलं.

"सवय होईल," ते माती थुंकत म्हणालं. "अभिजात आहे ना!"

करकोच्याला थोडी लाज वाटली असावी. त्यानं निवृत्तीच्या पुढ्यात एक वाळलेलं कवच ठेवलं.

"हे घे पिल्लांना खेळायला. समुद्रातला प्राणी आहे, याचंही नाव कायटनच. खडकाला असा चिकटतो की लाटा आपटल्या तरी सुटत नाही."

निवृत्तीनं ते उलटसुलट करून पाहिलं. पाठीवर आठ पट्ट्या, एकीवर एक चढलेल्या. भोवती घट्ट कड. कारागिराचेच डोळे ते, लगेच चमकले.

तो थेट दरबाराकडे गेला. अंगावर कायटन नव्हता, म्हणून बाहेरच्या फांदीवर बसला. तेवढ्यात महाराजांनी डरकाळीसाठी छाती फुगवली आणि दोन्ही काटे टणकन उडाले. पुढचं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. दरबारानं एकमतानं आभाळाकडे पाहिलं.

"महाराज," निवृत्ती फांदीवरून म्हणाला, "मी आठ चुण्या घालतो, कमरेला पट्टा जोडतो, आतून बारीक टाके मारतो. मग हवी तेवढी डरकाळी फोडा."

"पण मग तो शिवलेला झाला की रे!" महाराज दोन्ही पंजांनी कापड सावरत कुजबुजले.

"छे छे! टाके बाहेरून दिसणारच नाहीत. सांगायचं, हा रेडीमेड बिनशिवणीचा."

महाराजांनी गंभीरपणे विचार केला. दोन्ही पंजांनी कापड धरून जास्त वेळ विचार करता येत नाही.

"बरं, माप घे. पण कुणी बघत नाहीसं पाहून घे."

"मापाची गरज नाही, महाराज. तुमच्या जुन्या सदऱ्याचं माप आहे माझ्याकडे."

आठवड्याभरात निवृत्तीच्या झाडाखाली रांग लागली. पिल्लं जेवून सुस्त झाली. रांगेत सगळ्यांच्या मागे, खांद्यावरचं कापड पंखानं धरून, करकोचा उभा होता.

"निवृत्तीशेठ," तो हळूच म्हणाला, "उडताना फार घसरतो हो. माझं जरा आधी होईल का?"

तात्पर्य: आपला धंदा जुनाट झाला असं लोक म्हणू लागले, तर नवीन काही शिकायच्या फंदात पडू नका. तोच धंदा जोरात करा. फक्त आपण तो कधीच सोडून दिला, असं सगळ्यांना सांगत राहा.