राहिलेली शपथ

"साहेब, शपथ घ्यायची राहिलीय," अर्ज तपासून झाल्यावर निवडणूक अधिकारी बाई म्हणाल्या. "उद्या छाननी आहे. आजच घ्यावी लागेल."

आमदार विनोद खुर्चीतून अर्धे उठले होते. बाहेर तारपा वाजत होता, कार्यकर्ते 'हॅटट्रिक, हॅटट्रिक' ओरडत होते.

"दोनदा घेतलीय, मॅडम. विधानसभेत, सगळ्या महाराष्ट्रासमोर!"

"ती आमदारकीची. ही उमेदवारीची."

"एकच हो ते!" म्हणत साहेब हारांत शिरलेसुद्धा.

मागे राहिली त्यांची बायको, जयवंती. तिचाही अर्ज होता, पण डमी. साहेबांच्या अर्जात काही खोट निघालीच तर पक्ष उघडा पडू नये, म्हणून दर निवडणुकीला तिला आणून बसवायची रीत होती. कडेवरची आठ महिन्यांची शितल शपथेचा कागद चोखायला बघत होती. जयवंतीनं तो अलगद सोडवला, त्या इवल्या मुठीत आपलं बोट दिलं, ओळ न ओळ वाचून शपथ घेतली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी छाननीत आवाज आला, "विनोद यांचा अर्ज नामंजूर. जयवंती यांचा मंजूर. पक्षाच्या उमेदवार आता त्या."

साहेब तडक अधिकारी बाईंच्या टेबलाशी गेले. म्हणाले, "म्हणजे आता मी हिचा डमी?"

"नाही साहेब. तुमचा अर्जच उरला नाही. तुम्ही डमीसुद्धा नाही."

चारोटीपासून उधव्यापर्यंत बॅनर लागून बसले होते. ते बदलायला वेळ कुठला? हाल्या नावाच्या कार्यकर्त्यानं शक्कल काढली. साहेबांच्या चेहऱ्यावर वहिनींचा चेहरा चिकटवला. खाली जाकीट आणि जोडलेले हात साहेबांचेच राहिले.

"हे कोण आहे रे?" साहेबांनी दचकून विचारलं.

"तुमीच, साहेब. म्हणजे वयनी. म्हणजे... दोघं."

आशागडच्या सभेत साहेबांनी सवयीनं माईक ओढला. "मला तिसऱ्यांदा निवडून द्या! म्हणजे मला नाही, हिला. पहिल्यांदा. म्हणजे मलाच, पण हिला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते लोकांनाही कळलं नाही.

साहेबांना झोप येईना. दहा वर्षांची आमदारकी एका सहीपायी जाणार. हिला ओळखतं कोण? ही तर घरी ओट्यावर बसणारी, आल्यागेल्याला चहा देणारी, फार तर कुणाचा फोन घेणारी, कुणाचा फॉर्म भरणारी.

उधव्याला पोचल्यावर त्यांनी ठरवलं, आता शांतपणे एकेका घरी जाऊन बायकोची ओळख करून द्यायची. पहिल्याच अंगणात हिराबाई भात पाखडत होत्या. साहेबांनी हात जोडले. "आजी, ही जयवंती..."

हिराबाईंनी सूप खाली टाकलं. "आगं बाय, आली तू? आन् ही शितल? किती वाढली गं!" शितल अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरायची, ती सरळ हिराबाईंच्या कडेवर गेली. शेजारच्या चार बायका धावत आल्या. एकीला जातीच्या दाखल्याचं सांगायचं होतं, दुसरीला दवाखान्यातून नातू सुखरूप घरी आल्याचं.

साहेब खांबापाशी उभेच. शेवटी हिराबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आन् हा कोन गं?"

"माझे मालक, आजी. आमदार."

"आस्सं!" हिराबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे हाच का तुझा घरवाला? आरं बाबा, दोनदा मत दिलं की तुला. हिच्याकडं बघून!"