अकरावी फाइल

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रोग्रामरला सगळे टापटीपराव म्हणत आणि त्यालाही ते आवडे. एके सकाळी त्याला दिसलं, की नागरिकांना संदेश पाठवणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, अकरा फाइलींत अकरा वेळा लिहून ठेवलंय! नाव तेच, बांधा तोच. त्याचं डोकंच फिरलं.

"बाई, हे काय भंगाराचं गोदाम आहे?" तो विभागप्रमुख बाईंना म्हणाला. "एकदाच लिहायचं, एका फाइलीत ठेवायचं आणि लागेल तिथून बोलवायचं! जेवणाच्या सुट्टीआधी सगळं चकाचक करून देतो!"

"अकराही वाचलीस?"

"अहो, सख्खी भावंडं आहेत ती! तोंडावरूनच कळतं!"

वाचली होती चार. त्याने पहिलं फंक्शन उचलून सामाईक फाइलीत ठेवलं, बाकीची दहा पुसून टाकली आणि हात झटकले. वेबसाइट लोण्यासारखी चालू लागली.

पहिल्या दहा फाइली जन्मनोंदणीच्या निरनिराळ्या अर्जांच्या होत्या. अकरावी मृत्युनोंदणीची होती.

तीन वाजता फोन आला. पलीकडून एक थकलेला आवाज म्हणाला, "काल माझी बायको गेली. आज नोंद केली. तुमचा संदेश आलाय, 'अभिनंदन! आपल्या घरी नव्या जिवाचं आगमन झालं आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप असोत!' हे नेमकं कुणाला?"

टापटीपरावाच्या तोंडचं पाणी पळालं. असे संदेश तीन घरांत गेले होते! त्याने मृत्युनोंदणीचं फंक्शन वेगळं केलं. बाई म्हणाल्या, "उरलेल्या दोघांशी मी बोलते. संदेश तपासून पुन्हा पाठवतेही. तू आधी फोन करणाऱ्या त्या गृहस्थांच्या घरी जा. फोनवर मागायची माफी नाही ही."

म्हातारे गृहस्थ शिंपीकाम करायचे. खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर बायकोचा चष्मा. टापटीपराव दारातच हात जोडून उभा राहिला.

"काका, चूक माझी आहे. दोन वेगळी कामं मी एकच समजलो. न वाचता."

"बस," काका म्हणाले. त्यांनी मोबाइलवरचा तो संदेश पुन्हा उघडला. "एक्केचाळीस वर्षं संसार झाला आमचा. मूल काही झालं नाही. किती डॉक्टर केले, किती रडली ती! आणि आज सरकार कळवतंय, बाळ झालं म्हणून!"

टापटीपरावाला जमीन दुभंगावीशी वाटली. पण काकांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते!

"ती असती ना, तर म्हणाली असती, 'बघा, सरकारी काम! उशिरा का होईना, पण झालं!' पोट धरधरून हसली असती. दुपारपासून येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतोय मी. फोन केला तो रागावलो म्हणून नाही रे. असं लिहिणारा आहे तरी कोण, ते बघायचं होतं."

टापटीपरावाचा जीव भांड्यात पडला. तोही भीतभीत हसला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

काकांनी तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं, 'आपल्या पत्नीच्या निधनाची नोंद झाली आहे. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.'

"हं," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."

आणि दिवसभरात पहिल्यांदाच ते रडू लागले.