धुरपाचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, एक आगगाडी होती. हसू नका. वाघ बोलतो, कोल्हा वकिली करतो, ते तुम्हाला चालतं, आणि गाडी म्हटली की लगेच शंका! ज्यांना शंका आहेत त्यांनी बाहेर जाऊन उभं राहावं.

तर गाडी होती. छोटीशी, अरुंद रुळांची, कोण्या काळी माणसं टाकून गेलेली. तिच्या इंजिनाचं नाव धुरपा. ते चालवायचा झिपरोजी अस्वल. धुरपा खालच्या नदीवरून पाण्याच्या टाक्या ओढत वरच्या माळावर न्यायची. माळावर भेकरं राहत, ससे राहत. तिथे होळी झाली की झरे आटत, आणि मग पहिला पाऊस पडेपर्यंत धुरपा हीच त्यांची नदी.

धुरपाचं कौतुक कुणाला होतं म्हणता? कुणाला नाही. गाडी उशिरा आली की शिव्या, वेळेवर आली की गप्प. झिपरोजीला याचं फार वाईट वाटे. घाट चढताना तो तिच्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "ओढ गं माझी बाय. या मेल्यांना तुझी किंमत नाही."

एकदा वाघमहाराज परदेशी जंगलांचा दौरा करून आले. आल्या आल्या दरबार भरवला आणि गरजले, "प्रत्येक सुधारलेल्या जंगलात संग्रहालय आहे. आपल्याकडे का नाही?"

तेव्हा धनेशराव उठले. धनेशराव म्हणजे धनेश पक्षी. चोच एवढी मोठी, की आत काहीतरी असणारच असं सगळ्यांना वाटायचं. ते म्हणाले, "महाराज, आपल्याकडे रेल्वेचा आद्य वारसा आहे. धुरपा! पण एक अडचण आहे. ती चालते."

"मग?"

"चालणारी वस्तू नुसती जुनी असते, महाराज. वारसा व्हायला ती बंद असावी लागते."

"मग करा बंद!" महाराज म्हणाले. एवढा झटपट निर्णय त्या दरबारात पूर्वी फक्त जेवणाच्या बाबतीत झाला होता.

धनेशराव झिपरोजीकडे आले. झिपरोजीने आधी साफ नकार दिला. "माळावर पाणी कोण नेणार? तुमचे तीर्थरूप?"

"अहो, रागावता काय असे," धनेशराव गोड बोलले. "आयुष्यभर त्या बिचारीने धूर ओकला. तिच्या गळ्यात कधी एक हार पडला? आम्ही तिला छप्पर देतो, रंग देतो, मान देतो. उन्हाळ्यात लागलीच, तर काढू की बाहेर! रुळावरच तर आहे. कुठे पळून चाललीय?"

मानाचं नाव निघालं आणि झिपरोजी विरघळला. त्यात धनेशरावांनी हळूच सुचवलं, की धुरपाशेजारी तिचा चालकही उभा राहील. सोनेरी काठाची टोपी घालून, हातात फावडं घेऊन. फक्त हलायचं नाही आणि प्रेक्षकांशी बोलायचं नाही. प्रदर्शनातल्या वस्तू बोलत नसतात. त्याबद्दल रोज एक पोळं मध.

अस्वलाला मध! बाळांनो, तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात? खोटं बोलू नका.

झाला समारंभ. महाराजांनी धुरपाच्या चाकावर नारळ फोडला. मोरांनी स्वागतगीत म्हटलं. धुरपाला लाल रंग दिला, मग महाराणींना लाल आवडत नाही म्हणून हिरवा दिला, मग हिरवी धुरपा झाडीत दिसेना म्हणून परत लाल दिला. झिपरोजीचा ऊर भरून आला. टोपी तर अशी शोभत होती, की त्याने नदीत दोनदा तोंड पाहिलं.

थंडी मजेत गेली. होळी झाली. माळावरचे झरे आटले.

माळावरची सगुणा भेकरीण रुळांवरून चालत खाली आली. झिपरोजीला ती राखी बांधायची. "दादा, गाडी कधी आणतोस?" तिने विचारलं. "लेकरांच्या जिभा कोरड्या पडल्यात रे."

झिपरोजी तडक धनेशरावांकडे गेला. "काढा धुरपाला बाहेर. बोली झाली होती आपली."

"काढा की," धनेशराव म्हणाले. "आम्ही कुठे नाही म्हणतो? चालत असेल तर न्या."

झिपरोजीने टोपी भिरकावली, फावडं उचललं, भट्टीत लाकडं रचली. मग बॉयलरमध्ये पाणी ओतायला झाकण उघडलं. पाणी आत जाईचना. सगळं वरून वाहून गेलं. त्याने पंजा घालून पाहिलं. आत दगड! काठोकाठ, घट्ट, गुळगुळीत.

"हे काय आहे?" तो किंचाळला.

"सिमेंट," धनेशराव अभिमानाने म्हणाले. "तुम्ही टोपीचं माप द्यायला गेला होता ना, तेव्हाच भरून घेतलं. इंजिन आतून गंजतं म्हणे. आता हजार वर्षं काही होत नाही. वारसा जपणं म्हणजे खायचं काम नाही, झिपरोजी!"

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली झिपरोजीला. मारलीही. पण त्याने सिमेंट निघत नाही.

तक्रार वाघमहाराजांपर्यंत गेली. महाराजांना फार दुःख झालं. माळावरच्या प्रजेसाठी त्यांनी लगेच सोय करून दिली. संग्रहालयात 'पूर्वी पाणी कसे नेत असत' यावर रोज एक कार्यक्रम, पोपटाच्या आवाजात इंजिनाच्या शिट्टीसह. माळावरच्यांना प्रवेश मोफत.

वैशाखात माळ उठला. भेकरं, ससे, म्हातारी-कोतारी, सगळे पिल्लं पाठीशी घेऊन निघाले, नदीच्या पल्याड, दुसऱ्या जंगलात. वाट एकच होती, रुळांची. आणि रूळ थेट संग्रहालयातून जात होते.

दारावर धनेशराव उभे. एवढी गर्दी पाहून त्यांच्या चोचीला पाणी सुटलं. "या, या! रांगेत या! हात लावू नका!" प्रत्येकाच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. ससे ते चाटत पुढे सरकले.

सगुणा धुरपासमोर थांबली. तिने पत्र्याला कपाळ टेकवलं. मग झिपरोजीकडे वळली. तो टोपी घालून, फावडं धरून उभा होता. दुसरं करणार काय? जाणार कुठे? मध तरी होता.

"दादा, आम्ही चाललो," सगुणा म्हणाली. "येता येता माझं धाकटं गेलं, अर्ध्या घाटात. तू काहीतरी बोल रे. शिवी दे हवी तर. पण बोल."

धनेशराव दोन पावलांवर उभे होते. झिपरोजीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. फक्त डोळ्यांतून धारा लागल्या आणि झिपऱ्या केसांतून खाली टपटपू लागल्या. सगुणाच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या थोरल्या पिल्लाने मान पुढे केली आणि ते थेंब चाटले. खारट लागले. तरी चाटले.

"वाहवा!" धनेशराव टाळ्या वाजवत म्हणाले. "काय हुबेहूब केलंय! चालक माळाला पाणी देतोय! झिपरोजी, हे रोज करत चला."

तात्पर्य : बाळांनो, कामाला येणाऱ्याची कदर करत बसू नका, त्याने वेळ जातो. आधी त्याला कायमचं बंद पाडा. मग हार घाला. आणि चुकून तुमच्याच गळ्यात हार पडायला लागला, तर आधी तोंड उघडून आत कुणी काही भरलं नाही ना, तेवढं बघून घ्या.