मागच्या जिन्याने येणारा वर्ग

शेतकी शिक्षकाचा अभ्यासक्रम करणाऱ्या त्या तरुणाला सगळे ‘मास्तर’ म्हणत. पण खरोखरचा मास्तर व्हायला अजून एक पाठ बाकी होता. आधीच्या सराव पाठानंतर निरीक्षकबाईंनी त्याला बाजूला घेतलं होतं. “विषय तोंडपाठ आहे तुम्हाला. पण तुम्ही सगळा वेळ वांग्याच्या रोपाशी बोलत होता. वर्गात मुलंही होती.” शेवटच्या पाठातही तेच झालं, तर वर्ष वाया जाणार होतं.

बिचाऱ्याची बोलायची सवयच मोडली होती. या गावात त्याचं कुणी नव्हतं. दिवसभरात तोंड उघडायचं ते जेवायला आणि खाणावळवाल्याला ‘बास’ म्हणायला.

म्हणून तो संध्याकाळी भाड्याच्या खोलीत मोठ्याने सराव करू लागला. पाठ होता गुलाबाला डोळा भरण्याचा, म्हणजे एका झाडाचा कोवळा अंकुर दुसऱ्याच्या सालीत बसवण्याचा. पाठाच्या आराखड्यात मुलांची अपेक्षित उत्तरंही लिहावी लागतात. ती देणार कोण? तीही हाच देई, चार आवाजांत. पुढे बसणारी हुशार मुलगी, दोन भांडकुदळ भाऊ आणि मागे एक रडका.

एके दिवशी दारावर थाप पडली. शेजारच्या खोलीत एकट्याच राहणाऱ्या घरमालकीण काकू उभ्या होत्या. भाडेकरूने माणसं जमवायची नाहीत, हा त्यांचा कडक नियम.

“आत कोण कोण आहे रे?”

खरं सांगून मोकळं व्हायचं. पण ‘मी एकटाच आहे आणि रडकाही मीच आहे’ हे कुठल्या तोंडाने सांगणार? खोली गेली तर गेली.

“विद्यार्थी,” तो म्हणाला. “चौघं. मागच्या जिन्याने येतात.”

काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. “तुझी परीक्षा होईपर्यंत चालवून घेते. पण चपला बाहेर काढायला सांग त्यांना. जिना आत्ताच पुसलाय.”

झालं! जुन्या बाजारातून लहानमोठ्या चपलांचे चार जोड आले आणि रोज दाराबाहेर लागू लागले. ते बघून काकूंनी चहा आणला. पाच कप! आणि कप परत घेतल्याशिवाय बाई दारातून हलेनात. मास्तर एकेक कप आत नेऊन घशाखाली ढकलत होता.

“त्या रडक्याला जवळ बसव जरा. लेकरू सारखं मुसमुसतं.”

“हो, काकू.”

“आणि धाकट्या भावाचा घसा बसलाय. त्याच्या कपात आलं जास्त घातलंय.”

पाठाच्या आदल्या संध्याकाळी काकू आत शिरायच्या तयारीनेच आल्या. “आज मी वर्ग बघणार.”

“आज आले नाहीत ते. ताप आहे.”

“चौघांना?”

“एकाच बाकावर बसतात ना!”

“आणि चपला इथे ठेवून गेले?”

मास्तर दार अडवून उभा राहिला. काकू त्याला बाजूला सारून आत गेल्या. आत एक खुर्ची, एक ताट, एक उशी आणि कुंडीत गुलाबाचा खुंट. काकू त्या उशीकडे बघत राहिल्या. मग मागे कोपऱ्यातल्या ट्रंकेवर टेकल्या. “चल, शिकव. मी मागच्या बाकावरची.”

त्याने खुंटाच्या सालीला काप दिला, डोळा आत सरकवला, पट्टी बांधली. काकूंनी मध्येच विचारलं, “परक्या झाडावर तो जीव धरतो कसा?”

आराखड्यात हा प्रश्नच नव्हता. मास्तरने कुंडीवरून नजर उचलून काकूंकडे पाहिलं. “लगेच नाही धरत. थोडे दिवस सांभाळावं लागतं त्याला.”

दुसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर निरीक्षकबाई म्हणाल्या, “आज मुलं दिसली बरं तुम्हाला!” मास्तर जवळजवळ पळतच घरी आला. ही बातमी सांगायला आज कुणीतरी होतं.

त्याच्या दाराबाहेर चपला नव्हत्या. चारही जोड काकूंच्या दाराशी ओळीने लावलेले होते. आतून काकू कुणाला तरी दटावत होत्या आणि कुणीतरी बारीक आवाजात मुसमुसत होतं. त्याने थाप दिली. आवाज एकदम थांबले.

“काकू, आत कोण कोण आहे?”

मग काकूंचा स्वतःचा आवाज आला, “चौघंही आहेत. ताप उतरला त्यांचा.”

मास्तरने आपल्या चपला काढून त्या ओळीत ठेवल्या.

“मागच्या बाकावर जागा आहे का?”

“कधीची धरून ठेवलीय,” काकू म्हणाल्या.