आधी शिकव, मंग पी

नवेगावला आमच्या घरी पाहुण्याला पाणी फुकट मिळत नसे. माझ्या नवऱ्याची सरूआत्या पाण्याचा गडवा हातात धरून दारात उभी राही आणि म्हणे, "मले येत नाही असं काई शिकव, मंग पी."

कासारानं तिला बांगडी न फोडता हात कसा दाबायचा ते दाखवलं. तळ्याच्या बांधावर मासे धरणाऱ्या ढिवरणीनं जाळ्याची गाठ शिकवली. रानातून डिंक विकायला आलेल्या म्हाताऱ्यानं गोंडीत मोजायला शिकवलं, तेव्हापासून आत्याच्या कोंबड्या गोंडीतच मोजल्या जाऊ लागल्या. एकदा जमिनीच्या मोजणीला आलेला सरकारी माणूस तहानेनं कासावीस झाला. आत्यानं त्याच्या साखळीचं एक टोक स्वतः धरून आधी अंगण मोजून घेतलं. पुढे ती ऐटीत सांगे, "आमचं आंगन साखळीभर बी नाही."

मी लग्न होऊन आले ती भंडाऱ्याच्या शाळेत चार यत्ता शिकून, क्रोशाची सुई मिरवत. माझ्याएवढी विदुषी या मुलखात दुसरी नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. नवरा गोंदियाला मालधक्क्यावर नोकरीला लागला. आईवेगळ्या त्या पोराला आत्यानंच वाढवलेलं. आता घरात आम्ही दोघीच. खोली मिळाली, ये, असा त्याचा निरोप आला तेव्हा आत्या म्हणाली, "जाजो ना. पन आधी मले टोपी विनाले शिकव."

मोठ्यांचा शब्द मोडायची रीत नव्हती. मला वाटलं, दोन-चार दिवसांचं काम. टोपी सुरेख व्हायची, आणि किनारीला आली की आत्या हमखास टाका चुकवायची. पुन्हा सगळं उसवायचं.

"आत्याबाई, किती सोपं आहे हो."

"म्हातारं डोस्कं आहे वो पोरी. तू काऊन चिडून राहिली?"

मी मास्तरासारखी सुई आपटायची. शेजारणीला सांगायची, आमच्या आत्याबाईंना किनार या जन्मी जमायची नाही. धान कापून झालं, तळ्यातले शिंगाडे संपले, मला न्यायला ठरवलेल्या बैलबंड्या रिकाम्या गेल्या. मी तिथंच.

एका दुपारी परसात जाऊन मी पोटभर रडले. डोळे पुसून आत आले, तर आत्या माझ्याकडेच पाहत होती.

"लय याद येऊन राहिली का त्याची?"

मी मान खाली घातली. आत्यानं सुई उचलली आणि माझ्यादेखत किनार पुरी केली. झरझर, एकही टाका न चुकता. मलाही कधी अशी साधली नव्हती. टोपी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे. शिकली मी. जाय आता."

चार यत्ता शिकलेली मी टोपीकडे पाहतच राहिले.

सकाळी बंडी दारात आली. आत्या गडवा घेऊन उभी. आता काय शिकवावं, म्हणून मी सवयीनं थांबले.

"पी," ती म्हणाली. "आज काई नको."

मी पाणी प्याले. गडवा परत देताना म्हटलं, "आत्याबाई, होळीला येईन तेव्हा मला जाळ्याची गाठ शिकवा."

आत्या बैलांकडे पाहत पदर सारखा करत राहिली. "ते काई दोन दिसात येत नाही. लय दिस राहा लागते."

"मला तर जास्तच लागतील. माझं डोकं जरा मंद आहे."

"ते त मले दिसलंच," आत्या म्हणाली.