चुन्याच्या पिंपातला नट

एका जंगलात, बाळांनो, शहाण्यांची फार गर्दी झाली होती. त्यांनी एक मंडळ काढलं. गुहेत बसायचं आणि प्राण्यांचे जुने विनोदी मूकपट बघायचे. अट एकच, तो मूकपट बाकी कुणाला ठाऊक नसावा. चार जणांना आवडला की तो मंडळाच्या मनातून उतरलाच.

त्याच जंगलात बाळोजी नावाचं म्हातारं गाढव राहत होतं. तरुणपणी बाळोजी आणि गुणी नावाची शेळी मूकपटांत कामं करत. गुणी मागून ढुशी देई, बाळोजी चुन्याच्या पिंपात पडे. गुणीला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. त्या दोघांचा एक मूकपट मंडळाकडे आहे असं बाळोजीला कळलं. गुणीला एकदा डोळे भरून बघावं म्हणून बिचारा गुहेत शिरला.

पडद्यावर गुणी आली. तीच ऐट, तीच तिरकी मान. तिने ढुशी दिली आणि बाळोजी खो खो हसत सुटला.

"कोण हसतंय ते?" अध्यक्ष बगळेसाहेब कडाडले. "विनोदी मूकपट आहे हा. इथे हसत नाहीत!"

"चुकलं, साहेब. पण ते पिंपातलं गाढव मीच आहे हो."

सगळ्यांचे चेहरे पडले.

"हळू बोला!" बगळेसाहेब म्हणाले. "हा नट कोण ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर आम्ही त्याच्यावर जीव टाकतो. तो सापडला तर उद्या सशांची पोरंसुद्धा बघायला येतील. हा मूकपट आता बंदच करावा लागणार."

"नका हो, साहेब!"

"मग ते गाढव तुम्ही नाही, असं सगळ्यांसमोर सांगा."

बाळोजीने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून गुणी होती.

"नजर अधू झालीय माझी," तो म्हणाला. "दुसरंच कुणीतरी दिसतंय."

तेव्हापासून बाळोजी दर खेळाला येतो. हसत नाही. डोळे पुसायचे तर अंधारातच पुसतो. परवा चर्चेत बगळेसाहेबांनी त्याचं मत विचारलं.

"शेळी अप्रतिम," बाळोजी म्हणाला. "गाढवाला मात्र नीट पडताही येत नाही."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तिथल्या तिथे त्याला मंडळाचा मुख्य समीक्षक नेमलं.

तात्पर्य : पिंपात पडून कुणी मोठं होत नाही. पडणाऱ्याच्या चुका काढल्या की होतं. पडणारे आपणच असलो तरी हरकत नाही, फक्त तसं कबूल करू नये.