शोकेसमधलं क्रियापद

स्पॅनिशच्या परीक्षेसाठी संस्थेने रेवतीला पाठवलेलं ‘येवार’ हे क्रियापद आप्पांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

मिरजेच्या हुक्केरींकडे नवी वस्तू अशीच ठेवतात. घरात तिघंच: आजोबा म्हणजे आप्पा, थोरल्या काकू आणि जन्मापासून तिथेच वाढलेली तेवीस वर्षांची रेवती. शुक्रवारी अकरा वाजता तिची सांगलीला तोंडी परीक्षा होती. पास झाली तर पुण्यात नोकरी ठरलेली. नाहीतर आणखी एक वर्ष सोफ्याच्या प्लॅस्टिक कव्हरवर बसून काकूंचं ऐकायचं.

येवार दिसायला साधंच होतं. नारळाएवढं, हातात घेतलं की कोमट. नियमित क्रियापद, त्यामुळे स्वभावाने सरळ. सोबतच्या कागदावर पाच अर्थ छापले होते: नेणं, जवळ बाळगणं, अंगावर घालणं, एखाद्या ठिकाणी अमुक इतका काळ होणं आणि कुणाशी तरी जमणं. येवार हातात धरून प्रत्येक अर्थ एकदा खऱ्या वाक्यात वापरला की तो जिभेवर बसतो. वाक्य खोटं असेल तर क्रियापद गार पडतं. बाकी काही काळजी घ्यावी लागत नाही.

“आप्पा, ते वापरायला आणलंय.”

“वापरलं की जुनं होतंय.”

“स्पेनमध्ये लोक दिवसातून शंभरदा वापरतात!”

“त्यांच्याकडं ढीग असतील. आपल्याकडं एकच आहे.”

“पाहुणे आले की काढू की,” काकू म्हणाल्या. “गणपतीत विजापूरची मंडळी येतातच.”

“काकू, परीक्षा शुक्रवारी आहे.”

“मग तुझ्या मॅडमना सांग, गणपतीनंतर घ्या म्हणावं. बाईमाणूसच आहेत ना? समजून घेतील.”

रेवतीने डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. स्पॅनिशमध्ये.

बुधवारी शेजारच्या बेळंके वहिनी बघायला आल्या. काकूंनी काचेवरून पदर फिरवला. “आमच्या रेवतीचं. पाच अर्थ आहेत.”

“वापरलं का हो?”

“छे! कोरं आहे.”

“वहिनी आल्यात, आता तरी काढा!” रेवती ओरडली.

“शेजारीण म्हणजे पाहुणी नव्हे,” आप्पा म्हणाले.

“मग पाहुणा म्हणजे कोण, ते एकदा सांगा मला.”

आप्पांची अख्खी नोकरी कोर्टात कारकून म्हणून गेली होती. त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि सांगितलं, “ज्याचा मुक्काम दुसरीकडं आहे, जो आधी कळवून येतो आणि दारात उभा राहून ‘येऊ का’ विचारतो, तो पाहुणा.”

“नातं?”

“नात्याची अट नाही.”

गुरुवारी संध्याकाळी रेवतीने बॅग भरली आणि सांगलीला मैत्रिणीच्या हॉस्टेलवर मुक्काम हलवला. तिथून तिने घरी फोन लावला. “उद्या सकाळी आठला येते म्हणते.”

पलीकडे काकूंचा आवाज एकदम गोड झाला. “या की! नाष्ट्यालाच या.”

शुक्रवारी आठ वाजता तिने दारात चप्पल काढली आणि विचारलं, “येऊ का?”

“या, या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?” आप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. सोफ्याचं कव्हर निघालं होतं. आतलं कापड मोरपंखी आहे हे रेवतीला पहिल्यांदाच कळलं.

शिरा झाला, चहा झाला. मग आप्पांनी कुलूप उघडलं आणि येवार ट्रेमध्ये ठेवून तिच्यापुढे धरलं.

“नको, कशाला उगीच,” रेवती म्हणाली, कारण पाहुण्यांनी तसं म्हणायचं असतं.

“घ्या हो. संकोच करायचा नाही.”

तिने येवार हातात घेतलं. मी निळा कुर्ता घातलाय. माझ्याजवळ छत्री आहे. ही बॅग मी सांगलीला नेणार आहे. तीन अर्थ पटापट जिभेवर बसले. चौथ्याला ती म्हणाली, या घरात मला तेवीस वर्षं झाली.

येवार बर्फासारखं गार पडलं.

आप्पा आणि काकू अदबीने तिच्याकडे बघत होते. तिने घड्याळ पाहिलं. या घरात मला चाळीस मिनिटं झाली, ती म्हणाली. येवार पुन्हा कोमट झालं.

राहिला पाचवा. काकूंशी माझं चांगलं जमतं, हे वाक्य तिच्याने आजवर मराठीतही म्हणवलं नव्हतं. काकू तिच्या बशीत आणखी शिरा वाढत होत्या. “तुम्ही काहीच खात नाही बघा.” रेवतीने वाक्य म्हटलं. येवार इतकं गरम झालं की ते ट्रेमध्ये ठेवावं लागलं.

ती पास झाली. निकाल जागेवरच मिळाला. तो सांगायला ती दुपारी धावतच घरी आली आणि सवयीने सरळ आपल्या खोलीकडे वळली.

काकू लगबगीने आड आल्या. “अहो, तिकडं पसारा आहे. इथं बसा, सोफ्यावर.”

“काकू, मी पास झाले!”

“अगंबाई! अभिनंदन हो. घरच्यांना आनंद झाला असेल.”

आप्पांनी पंखा वाढवला, पाणी आणून दिलं आणि समोर बसून आस्थेने विचारलं, “परतीची गाडी कितीची आहे तुमची?”

रेवतीने पाणी संपवलं.

“पाचची,” ती म्हणाली.